चारशे अठ्ठावन्न

आकडा तोच निघाला. मोबाइलवर बेळगाव ते हैदराबाद असं टाकलं आणि एक पान उघडलं. वर दोन जाहिराती, खाली तीन, आणि मधे जागा उरली म्हणून छापल्यासारखं लिहिलेलं: हवाई अंतर ४५८ किलोमीटर, विमानाला लागणारा अंदाजे वेळ एक तास चार मिनिटं. त्यात दचकण्यासारखं काही नव्हतं. दोन गावं आपापल्या जागी आहेत, त्यांच्यामधलं अंतर अकरा वर्षांत वाढतही नाही आणि कमीही होत नाही, आणि मी तीस वर्षं सर्वेअरकी करतो, तेव्हा हे मला कुणी शिकवायची गरज नाही. तरी बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात, एका हातात चहाचा कप धरून, मी त्या आकड्याकडं बघत राहिलो. बायकोनं विचारलं, मिळतंय का तिकीट? मी म्हणालो, बघतोय. मी तिकीट बघत नव्हतो. हा आकडा मी एकदा माझ्या तोंडानं आईला सांगितला होता, आणि तो सांगताना माझ्या मनात काय होतं हे जगात फक्त मला ठाऊक होतं. आता तो परत माझ्यासमोर येऊन बसला होता, जाहिरातींच्या मधे, अगदी निवांत.

दहाच मिनिटांपूर्वी दीपंकरचा निरोप आला होता. दीपंकर म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, क्षमाचा नवरा. अकरा वर्षांत त्यानं मला कधी फोन केला नव्हता, की साधा सणाचा संदेश पाठवला नव्हता, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही, मीच तसं ठेवलं होतं. निरोपात चार ओळी होत्या. क्षमाच्या डोक्यात गाठ आहे, ऑपरेशन गुरुवारी आहे, डॉक्टर खात्री देत नाहीत, आईंना एकदा बघायचं म्हणते. खाली नाव लिहिलेलं, जणू मी नंबर काढून टाकला असेल असं धरून. मी खरंच काढून टाकला होता. आज सोमवार. क्षमा हैदराबादला, आई गावी, निपाणीजवळच्या बोरगावला, आणि मधे आईचा नियम. आणि नियमाच्या मुळाशी हा आकडा. मी चहा न पिताच कप ओट्यावर ठेवला आणि दुसऱ्या दिवशीच्या दुपारच्या विमानाची दोन तिकिटं काढली.

आईचा नियम काय, ते सांगायला हवं. आम्ही जैन. आमच्यात वय झालेली माणसं मुनिमहाराजांसमोर नियम घेतात. कुणी रात्रीचं पाणी सोडतं, कुणी एखादी भाजी सोडतं, आणि ज्यांना आणखी पुढं जायचं असतं ती दिशा सोडतात. म्हणजे असं की, आपल्या घरापासून अमुक दिशेला अमुक इतक्या अंतरापलीकडं मी जन्मभर जाणार नाही. दाही दिशा धरायच्या: चार मुख्य, चार कोनांच्या, एक वरची, एक खालची. जितकं फिरणं कमी तितकी आपल्या हातून होणारी हिंसा कमी, असा त्यातला विचार. एकदा आखलेली हद्द पुढं सरकवता येत नाही. सरकवली तर तोही दोषच. लहानपणी मला ह्याचं हसू यायचं. नंतर मी सर्वेअर झालो, लोकांच्या हद्दी आखू लागलो, आणि ध्यानात आलं की दुसऱ्याची हद्द कमी करायला सगळे तयार असतात, स्वतःची कमी करून घेणारी माणसं आमच्या गावातच असतील तेवढी. हे मी ऑफिसातल्या साहेबांनाही एकदा कौतुकानं सांगितलं होतं. आईचं नाव घेऊन सांगितलं होतं, आणि सांगताना मला काडीची लाज वाटली नव्हती.

क्षमानं लग्न केलं तेव्हा वडील होते. अण्णाप्पा हे वडिलांचं नाव निघालं की निपाणीच्या तंबाखू बाजारात माणसं खुर्ची सरकवायची. आमच्या वखारीत पन्नास बायका तंबाखू निवडायला असायच्या, त्यांत सोनुबाई म्हणून एक म्हातारी होती, खोकत खोकत हसणारी. तिला पाणी हवं असलं की आमच्याकडचं कुणीतरी तांब्यातून वरनं ओतायचं आणि ती ओंजळीनं प्यायची. मीही ओतलंय. ओतताना तिच्या मनगटावरून ओघळून कोपरातून पडणारं पाणी मला अजून दिसतं, आणि ती पाणी पिऊन झाल्यावर मला, सात वर्षांच्या पोराला, अहो मालक म्हणायची ते ऐकू येतं. दीपंकर तिचा नातू. त्यानं औषधशास्त्रात पुढचं शिक्षण घेतलं, हैदराबादच्या एका कंपनीत लागला, आणि क्षमाही तिथंच नोकरीला होती. दोघांनी तिथंच लग्न केलं. वडील महिनाभर कुणाशी बोलले नाहीत. पुढच्या वर्षी ते गेले. लोक म्हणाले धक्क्यानं गेले. त्यांना साखर होती, रक्तदाब होता, तंबाखूची धूळ चाळीस वर्षं छातीत होती, पण लोक धक्का म्हणाले आणि मला ते सोयीचं वाटलं. तिसऱ्या दिवशी क्षमा आली तेव्हा दारात उभं राहून मी तिला म्हणालो, ह्या घरात पाय ठेवू नको. ती चप्पल काढत होती. एक काढून झाली होती. तिनं ती परत पायात घातली आणि गेली.

त्याच क्षमाला मी, तिचा अण्णा, लहानपणी मोजणीची फीत धरायला घ्यायचो. मी पॉलिटेक्निकला होतो, ती चौथीत. सुट्टीला घरी आलो की मी आमचं अंगण मोजायचो, विहिरीपासून गोठ्यापर्यंत मोजायचो, कारण नसताना मोजायचो, आणि ती फितीचं शून्याचं टोक धरून उभी राहायची. हलायची नाही. माशी बसली तरी हलायची नाही. मी आकडा ओरडून सांगितला की तीही तो ओरडून परत सांगायची आणि मगच टोक सोडायची. लग्नानंतर आठच दिवसांनी तिचा मला ऑफिसात फोन आला होता. बाकी काही बोलली नाही. एवढंच म्हणाली, अण्णा, इथनं आपलं घर किती लांब हाय मोजलंस का? मी फोन ठेवला. मग ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर बसून, दार लोटून घेऊन, मी ते मोजलं. हेच पान होतं, नाही तर ह्याच्यासारखं दुसरं; त्यात बोरगाव नव्हतं, म्हणून बेळगावपासून धरलं. चारशे अठ्ठावन्न. रस्त्यानं किती, तेही पाहिलं: सव्वापाचशेच्या पुढं. दोन्ही आकडे माझ्या डोक्यात बसले. त्या वेळी ते मी प्रेमानं पाहिले की रागानं, हे आजही मला सांगता येणार नाही.

वडील गेल्यानंतरच्या वर्षी गावात महाराजांचा चातुर्मास होता. आईनं एकेक नियम घ्यायला सुरुवात केली. एके दिवशी सकाळी ती तांदूळ निवडत बसली होती, मी जेवून बेळगावला निघायच्या तयारीत, आणि ती मान वर न करता म्हणाली, हैदराबाद किती लांब असंल रं? क्षमाचं नाव नाही, कशासाठी ते नाही. पण मला कळलं. दुसऱ्या दिवशी ती दिशेचा नियम घेणार हे घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि नियम ढिला घ्यायचा नाही, गरजेपुरताच घ्यायचा, हा तिचा स्वभाव. तिला लेकीपर्यंतची गरज होती. तेवढीच हद्द ठेवायची होती. मी बूट घालत होतो. माझ्याजवळ दोन आकडे होते, आणि मी त्यातला लहान सांगितला. चारशे अठ्ठावन्न. ती कधी विमानात बसेल हे आमच्या घरात कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. ती जाणार तर रस्त्यानं, आणि रस्त्यानं ती लेकीच्या गावाच्या अलीकडंच कुठंतरी अडकणार. आता म्हातारी तिकडं जाणार नाही, आणि लोकही काही बोलणार नाहीत, एवढा साधा हिशेब माझ्या डोक्यात झाला. बुटाची नाडी बांधायला लागतो तेवढ्या वेळात झाला. तिनं आकडा दोनदा म्हणून घेतला, टेलिफोन नंबर पाठ करताना म्हणतात तसा. दुसऱ्या दिवशी हातात श्रीफळ घेऊन महाराजांसमोर तिनं हद्द सांगितली: चारशे साठ किलोमीटर.

खोटं बोललो असं मी स्वतःशी कधी कबूल केलं नाही. उतारावरची जमीन मोजतानाही आम्ही फीत आडवी धरतो, चढ धरत नाही. आमच्या खात्यात अंतर म्हणजे सरळ अंतर. पुराव्यानिशी मी बरोबर होतो. पुरावा असलेली माणसं किती निर्धास्त झोपतात हे मी शेकडो बांधांवर पाहिलंय. तरी पहिले काही दिवस मी वाट बघत होतो, की ती फोन करून म्हणेल, आकडा चुकला रं. कारण आमच्या गल्लीत भरमू राहतो, जीपवाला, यात्रेची माणसं घेऊन सगळा देश हिंडलेला. त्याला विचारल्याशिवाय ती राहायची नाही. पण तिनं फोन केला नाही. नऊ वर्षं तिनं तो विषय काढला नाही. दर रविवारी दुपारी ती क्षमाशी फोनवर बोलते, हे मला माहीत होतं. मी त्या वेळी तिथं असलो तर ती फोन घेऊन परसात जायची आणि मी वर्तमानपत्र वाचायचो. वर्तमानपत्राच्या त्या आडोशाला मी नऊ वर्षं बसलो. तिला कळलं नसेल, असं कधी वाटायचं. कधी वाटायचं, कळलंय आणि तिनं ते गिळलंय. ह्या दोन्हींतलं जास्त वाईट कोणतं, हे ठरवायचं मी टाळलं.

मंगळवारी सकाळी मी गाडी काढली. संकेश्वरच्या पुढं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती, तिच्या मागं मी पाऊण तास सरकत राहिलो आणि मनात वाक्यं जुळवत राहिलो. आई, विमानानं गेलं तर अंतर नियमात बसतंय. हे वाक्य सोपं होतं, आणि खरं होतं. अडचण पुढच्या वाक्याची होती. वरच्या दिशेचं काय? दहा दिशांत वरची आलीच. नियम घेताना लोक वरच्या दिशेला एखादा डोंगर सांगतात, फार तर शिखरावरचं तीर्थ सांगतात. आणि हे विमान, लहान असलं तरी, पाच-सहा किलोमीटर वर जाणार. आदल्या संध्याकाळी तेही मी त्याच मोबाइलवर शोधलं होतं. आईनं वर किती ठेवलं होतं मला ठाऊक नव्हतं. मी तेव्हा विचारलंच नव्हतं, माझं काम पूर्वेच्या आकड्याशी होतं. आता तिनं विचारलं, की विमान किती वर जातंय रं, तर मी काय सांगणार? खरं सांगितलं तर ती गाडीतून उतरेल. खोटं सांगितलं तर दुसऱ्यांदा सांगितल्यासारखं होईल, आणि ह्या वेळी पुरावाही नसेल. निपाणी आली तशी तंबाखूचा तो वास आला, आणि मला सोनुबाईची ओंजळ आठवली, जी मला त्या वेळी अजिबात नको होती.

आईनं सगळं ऐकून घेतलं. गाठ, ऑपरेशन, गुरुवार. ती रडली नाही. पदरानं चष्मा पुसला आणि विचारलं, कसं जायाचं? मी म्हणालो, विमानानं. तिनं माझ्याकडं जरा वेळ बघितलं. मग बरं म्हणाली आणि आत गेली. मी जुळवून आणलेली वाक्यं तोंडातच राहिली. पंधरा मिनिटांत ती तयार होऊन बाहेर आली: कापडी पिशवी, गाळलेल्या पाण्याची स्टीलची बाटली, फडक्यात बांधलेल्या दशम्या, आणि अंगावर एक फिकट निळी साडी, जी मी कधी बघितली नव्हती. घड्या पडलेल्या, डांबराच्या गोळ्यांचा वास येणारी. ही कधी घेतलीस, मी विचारलं. ती म्हणाली, हाय लई दिवसाची. शेजारच्या मालुबाईला किल्ली दिली, ती कुठं जाणार म्हणून विचारायला लागली, तर आई माझं नाव घेऊन म्हणाली, अभिनंदन नेतोय लेकीकडं. इतक्या सहज म्हणाली, जणू हे मागच्या महिन्यातच ठरलं होतं.

हायवेवर एका ठिकाणी खांबावरचा किलोमीटरचा आकडा वाचून म्हणाली, हे दक्षिणेत धरायचं, पूर्वेत न्हाय. म्हणजे ती मोजत होती. मी मान हलवली. ती पुढं म्हणाली, जमिनीनं गेलं तर जमिनीचं अंतर, वरनं गेलं तर वरचं. बरोबर हाय न्हवं? तू मोजणीतला. मी म्हणालो, बरोबर आहे. आता विचारेल, मला वाटलं, आता वरचं विचारेल. पण ती खिडकीतून ऊसतोडीकडं बघत राहिली आणि क्षमाला उसाचे सोललेले करवे लई आवडायचे म्हणाली. तिथून सांबऱ्याच्या विमानतळापर्यंतचा तासभर मी त्या न विचारलेल्या प्रश्नाबरोबर काढला. मनातल्या मनात मी खरंच सांगायचं ठरवलं, मग खोटं ठरवलं, मग पुन्हा खरं. बेळगावच्या हद्दीत शिरताना माझं खोटं ठरलेलं होतं.

विमानतळावर तिनं बाकावर बसून दोन दशम्या खाल्ल्या, मला एक दिली, आणि सूर्य बुडायच्या आत पोचू न्हवं, एवढंच विचारलं. तपासणीच्या रांगेत बायकांची बाजू वेगळी. तिची कापडी पिशवी माझ्याकडं आली. पिशवी पट्ट्यावरून आत गेली आणि पलीकडं निघाली तेव्हा शिपायानं ती बाजूला घेतली, बाटलीमुळं. सगळं बाहेर काढा म्हणाला. मी काढलं: चष्म्याचं घर, जपमाळ, क्षमाचा दहावीतला फोटो, आणि एक लहान वही. खतांच्या दुकानानं वाटलेली, वर उसाचं चित्र असलेली. ती तिची नियमांची वही, हे मला माहीत होतं. आत काय आहे ते कधी बघितलं नव्हतं. शिपाई बाटली हुंगत होता. मी वही उघडली. तिच्या त्या मोठ्या, शाळेतल्या अक्षरांत एकाखाली एक: वांगं सोडलं. सोमवारी टीव्ही बघणार नाही. सुनेला टाकून बोलणार नाही, ह्याच्यापुढं कंसात, जमेल तसं. मला हसू आलं. आणि मग पुढचं पान आलं. वर नऊ वर्षांपूर्वीची तारीख, आणि खाली:

दिशेचा नियम. सगळ्या दिशा चारशे साठ किलोमीटर. खाली आपल्या विहिरीइतकं. वर विमान जातं तेवढं. अभिनंदन नेणार आहे.

शिपाई काहीतरी म्हणत होता. बाटलीतलं पाणी पिऊन दाखवा म्हणत होता. मी प्यालो. ते पाणी कोमट होतं आणि त्याला स्टीलचा वास होता. मी ती ओळ परत वाचली. शाई जुनी होती. त्या पानानंतर वहीत नऊ वर्षांची पानं होती, म्हणजे ही ओळ काल किंवा आज माझ्यासाठी लिहिलेली नव्हती. अभिनंदन नेणार आहे. मी असं कधी म्हणालो होतो? मी फक्त आकडा सांगितला होता, बूट घालता घालता. आई पलीकडून आली, पदर सारखा करत. माझ्या हातात वही बघून तिनं ती काढून घेतली नाही. पिशवीत बाकीच्या वस्तू एकेक करून ठेवल्या आणि मग वहीसाठी हात पुढं केला.

बाकावर जाऊन बसल्यावर मी तिला विचारलं, मी नेणार म्हणून तुला कोण म्हणालं? तिला प्रश्न कळायला वेळ लागला. मग ती म्हणाली, "तूच की. भरमूनं सव्वापाचशे सांगितलतं, तू चारशे अठ्ठावन्न. म्हटलं, मोजणीतला माणूस, सत्तर किलोमीटर चुकतोय व्हय? ह्यो विमानाचं सांगालाय. म्हणजे ह्येच्या मनात न्यायचं हाय, राग हाय म्हणून तोंडानं बोलंना झालाय. म्हणून वरची दिशा मोकळी ठेवली." आणि पुढं म्हणाली, महाराजांनी विचारलं, वर एवढं कशाला, तर त्यांनाही हेच सांगितलं.

पुढं विमानात बसेपर्यंत मला काय काय दिसलं आणि ऐकू आलं ते मी नीट सांगू शकत नाही. लहान पंख्याचं विमान होतं, ती खिडकीशी बसली, पट्टा मी बांधला. विमान धावायला लागलं तेव्हा तिनं माझं मनगट धरलं. घट्ट धरलं. बांगड्या माझ्या हाडावर रुतल्या. नऊ वर्षं, मी विचार करत होतो, नऊ दिवाळ्या, नऊ भाऊबीजा. प्रत्येक वेळी मी घरी गेलो, की ती मला जेवायला वाढून समोर बसायची आणि माझ्या तोंडाकडं बघायची. मला वाटायचं, ती मी जेवतोय ते बघतेय. ती वाट बघत होती. मी आता म्हणेन, मग म्हणेन. ती निळी साडीही ह्याच वाटेसाठी घेऊन ठेवलेली होती. मी तिला अडकवायला आकडा दिला आणि तिनं तो माझा शब्द म्हणून जपून ठेवला. इतका विश्वास माझ्यावर कुणी ठेवला असेल हे मला माहीत असतं, तर मी कसा वागलो असतो? बहुतेक तसाच. पण निदान मला माहीत असतं. खाली शेतं लहान होत गेली, बांध दिसेनासे झाले, आणि तीस वर्षं ज्या रेषांसाठी मी माणसांना भांडताना पाहिलं त्यांतली एकही वरून ओळखू येईना. हे मनात आलं आणि मला स्वतःचीच चीड आली. अशा वेळीसुद्धा मी काहीतरी छान विचार करत बसलो होतो. ती आनंदात होती. लेकीच्या डोक्यात गाठ, आणि तरी ती खिडकीला कपाळ लावून, चोरून, आनंदात होती. गप्प राहिलो असतो तर निभावलं असतं. मला गप्प राहवलं नाही.

मी म्हणालो, "आई, मी चुकलो न्हवतो. पण तुला न्यायचं माझ्या मनात न्हवतं. तू जाऊ नयेस म्हणून तसं सांगितलतं."

पंख्याचा आवाज मोठा होता. तिला ऐकू आलं नसावं असं वाटलं, आणि मला परत म्हणायचा धीर नव्हता. मग माझ्या मनगटावरची तिची बोटं एकेक करून सुटली. तिनं हात मांडीवर घेतला आणि दुसऱ्या हातानं तो धरून ठेवला. पाणी वाटणारी मुलगी आली आणि गेली. आई समोरच्या सीटच्या पाठीकडं बघत होती, आणि तिचं तोंड एकदम म्हातारं दिसत होतं, घरातून निघताना होतं त्याहून कितीतरी म्हातारं. मला रडू येत होतं आणि ते मी आवरत नव्हतो. ती बघत नव्हती.

"अजून किती वेळ हाय?" तिनं विचारलं.

मी घड्याळ बघितलं आणि पंचवीस मिनिटं म्हणून सांगितलं.

"हे क्षमाला सांगू नगंस," ती म्हणाली. "दर ऐतवारी सांगत आलीया तिला, अण्णा घेऊन येणार हाय म्हणून. तीबी वाट बघालीया. आता आलाईस न्हवं. तेवढंच ऱ्हाऊ दे."

विमान खाली उतरताना ते जोरात हादरलं, शेजारच्या रांगेतली माणसं एकमेकांना धरून हसली, आणि तिनं दोन्ही हातांनी पुढची सीट धरली. माझं मनगट तिथंच होतं.

बाहेर दीपंकर उभा होता. मी त्याला शेवटचा पाहिला तेव्हा तो निपाणीच्या स्टँडवर पुस्तकांची पिशवी घेऊन उभा असलेला पोरगा होता. आता कानांवरचे केस पांढरे झाले होते आणि दाढी दोन दिवसांची होती. तो आईच्या पाया पडला. आईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग तो माझ्याकडं वळला. मला वाटलं आता काही बोलेल, बोलायला हवं होतं त्यानं, मी त्यासाठी खांदे आवळून तयार होतो. तो म्हणाला, "सकाळधरनं चारदा विचारलं तिनं, अण्णा संगं हायत न्हवं म्हणून." आणि माझ्या हातातली पिशवी घेतली.

आईनं आकाशाकडं बघितलं, उजेड किती उरलाय ते. मग तिनं विचारलं, इथनं दवाखाना किती लांब? तिच्या मोजणीनं चारशे अठ्ठावन्न संपले होते आणि नियमात दोन किलोमीटर शिल्लक होते. माझ्या मोबाइलवर उत्तर होतं: एकतीस. मी समजावूनही सांगू शकलो असतो, की त्या पानावरचा आकडा शहराच्या मध्यापर्यंतचा असतो, विमानतळ त्याच्या अलीकडंच आहे, हद्द ओलांडलेली नाही. आणि ते खरंही होतं. पण तिनं माझ्याकडं बघून विचारलं नव्हतं.

"जवळच हाय, आई," दीपंकर म्हणाला.

तिनं मान हलवली, त्याच्या हाताला धरलं आणि गाडीत पुढच्या सीटवर चढून बसली. मी मागं बसलो, आणि त्या एकतीस किलोमीटरांत एकदाही मोबाइल बाहेर काढला नाही.